जुनी टाकी, बंद चिमणी आणि वर जाणारा जिना: निरीक्षण मनोऱ्याचा खरा खर्च

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातून कारखाने गेले. पोखरण रोडवर रेमंडची मिल थांबली, मोहोन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद झाली, ठाकुर्लीचं रेल्वेचं चोळे पॉवर हाऊस तर त्याच्याही कितीतरी आधी. अशा आवारात एखादी चिमणी, एखादी उंच पाण्याची टाकी उभी राहते आणि कुणीतरी म्हणतं, ही पाडू नका, हिला जिना लावा, लोकांना वरून खाडी आणि डोंगर बघू द्या. कल्पना चांगली आहे. तुम्ही रहिवासी संघातून, सोसायटीकडून किंवा जागेचे मालक म्हणून ती पुढे नेणार असाल, तर पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे ते आधी ठरवा. कागद, मग बांधकामाची तपासणी, मग नकाशा. पहिली पायरी काही शे रुपयांत होते, दुसरी लाखांत जाते, तिसरी कोटींत. बहुतेक लोक तिसरीपासून सुरुवात करतात. आर्किटेक्टकडून रंगीत चित्र करून घेतात, ते नगरसेवकाला दाखवतात आणि दोन वर्षांनी कळतं की जमीन बँकेकडे गहाण आहे.

त्याच्याही आधी एक फुकटचं काम करा. त्या टाकीच्या किंवा चिमणीच्या उंचीएवढ्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर परवानगी घेऊन जा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घोडबंदर रोडला चाळीस मजली इमारतींमध्ये उभी असलेली तीस मीटरची टाकी तुम्हाला समोरच्यांच्या बाल्कन्या दाखवेल. उलट दुर्गाडीच्या बाजूला, उल्हास नदीकाठी किंवा मुंब्र्याच्या डोंगराकडे तोंड असेल तर वीस मीटरही पुरतात. वर बघण्यासारखं काही नसेल तर विषय इथेच सोडा, तुमचे सगळे पैसे वाचले.

जागा कोणाची

सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीच्या उताऱ्याला १५ रुपये. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका लागेल, तीही ऑनलाइन मिळते. मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून त्या कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज बघा. संचालक कोण आणि कोणत्या बँकेचा बोजा आहे, हे दोन्ही तिथे कळतं. कंपनी दिवाळखोरीत असेल तर संचालकांशी बोलून उपयोग नाही. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक किंवा परिसमापक हाच तुमचा माणूस.

जागा एमआयडीसीची असेल, म्हणजे वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसी, तर समोरचा कारखानदार हा मालक नसून भाडेपट्टेदार असतो. वापर बदलायचा, पोटभाड्याने द्यायचं किंवा हस्तांतर करायचं तर एमआयडीसीची संमती लागते आणि त्या प्रत्येकाचा वेगळा आकार असतो. डोंबिवलीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. चालू रासायनिक कारखान्यांच्या मधोमध लोकांना उंचावर नेऊन उभं करू नका. मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट विसरण्यासारखे नाहीत आणि मनोऱ्यावरून गर्दी पटकन खाली उतरत नाही.

रेल्वेची जागा असेल तर महापालिकेला अर्ज करून वर्ष घालवू नका. विभागीय रेल्वे व्यवस्थापक आणि रेल्वे भूमी विकास प्राधिकरण ही दोन दारं. सगळ्यात सोपी जागा म्हणजे महापालिकेची स्वतःची, वापरातून काढलेली पाण्याची टाकी. मालक एक, परवानगी देणारा तोच, आणि आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीचा पैसा सार्वजनिक जागेवर आणणं खासगी जागेपेक्षा खूप सोपं.

टाकी वापरात आहे की नाही, तिला धोकादायक म्हणून नोटीस गेली आहे का, पाडायचा ठराव झाला आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून टाकी आणि जमीन यांचे दोन वेगळे अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये.

आता असा कागद, जो कुणी आधी सांगत नाही. बंद कारखान्याच्या औद्योगिक जमिनीचा वापर बदलायचा तर कामगार आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. कामगारांची कायदेशीर देणी दिली गेली किंवा त्यांच्याशी समाधानकारक करार झाला, असं त्यात असावं लागतं. एनआरसीच्या कामगारांनी स्वतःच्या पैशांसाठी किती वर्षं काढली ते कल्याणकरांना माहीत आहे. देणी थकलेली असतील तर तुमचा प्रस्ताव तिथे थांबेल, आणि थांबायलाच हवा. मालक म्हणत असेल की तुम्ही मनोऱ्याचं काम सुरू करा, कामगारांचं बघू नंतर, तर सही करू नका.

तपासणीवर कंजुषी नको

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण सक्तीचं आहे. पण सोसायट्या करून घेतात तसं डोळ्यांनी बघून, हातोडी मारून दिलेलं चार पानी प्रमाणपत्र इथे चालणार नाही. लेखी मागा: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, काँक्रीटचे कोअर काढून दाब चाचणी, आतल्या लोखंडाच्या गंजाची हाफ-सेल चाचणी, कार्बोनेशनची खोली आणि पायाजवळ खड्डा घेऊन पायाची पाहणी. जुन्या कारखान्यांचे मूळ नकाशे बहुधा सापडत नाहीत, त्यामुळे लोखंड कुठे आणि किती, हे स्कॅन करून शोधावं लागतं. तेही यादीत घाला.

दरपत्रक तीन ठिकाणांहून घ्या आणि ते वाचायला शिका. चाचण्यांचा दर प्रत्येक बिंदूला असतो. स्वस्त दरपत्रकात बिंदू कमी असतात, एवढंच. परांची किंवा दोरावर लटकून काम करणारी माणसं यांचा खर्च बहुतेक वेळा वेगळा लावतात आणि उंच चिमणीत तो चाचण्यांपेक्षा जास्त होऊ शकतो. वर १८ टक्के जीएसटी. अहवाल दुसऱ्या तज्ज्ञ संस्थेकडून, म्हणजे व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणाहून तपासून घ्यायचा खर्चही आताच धरा. महापालिका तो पुढे मागतेच.

अहवालात शेवटी वर्ग येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडायचं. सी-२अ म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामं न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. सी-१ आलं तर विषय संपवा. "वर्ग बदलून देतो" असं म्हणणारा भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवा. कल्याणचा पत्रीपूल शंभर वर्षांहून जुना होता, लोकांचा जीव त्यात गुंतलेला होता, पण धोकादायक ठरल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये तो उतरवला गेला. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्राच्या चार चिमण्यांतलं लोखंड गंजलं होतं. त्या अख्ख्या पाडून तशाच नव्या बांधल्या, आणि त्यानंतर २०२२ मध्ये एका चिमणीतून लोकांना १०९ मीटर उंचीवर नेणारी लिफ्ट सुरू झाली. तिथे तेवढा पैसा होता. तुमच्याकडे नसेल, तर अहवालाचं ऐका.

टाकी घ्या, चिमणी टाळा

दोन्ही उपलब्ध असतील तर विचार न करता टाकी घ्या. हिशेब सोपा आहे. पाच लाख लिटरची टाकी भरली की आत ५०० टन पाणी असतं. खांब, तुळया आणि टाकीचा तळ हे सगळं त्या वजनासाठी बांधलेलं असतं. एका वेळी ५० माणसं चढली तरी त्यांचं वजन चार टनांच्या आत. म्हणजे बांधकाम शाबूत असेल तर खालचा सांगाडा माणसांना सहज पेलतो.

मात्र टाकीच्या माथ्यावर माणसं उभी करू नका. सगळ्यात धोक्याची चूक हीच. भारतीय मानकाप्रमाणे जिथे लोक गर्दीने उभे राहणार त्या मजल्याला चौरस मीटरला सुमारे ५०० किलोचा भार धरावा लागतो. जिथे कुणी जाणार नाही अशा छताला ७५ किलो पुरतात. टाकीवरचा घुमट किंवा झाकणाचा स्लॅब या दुसऱ्या प्रकारातला असतो. तो काढायचा, टाकीच्या भिंतीत मोठ्या खिडक्या कापायच्या आणि माणसं टाकीच्या तळावर उभी करायची, हा शहाणा मार्ग. भिंत कापल्यावर तिची ताकद कमी होते, म्हणून किती आणि कुठे कापायचं ते संरचना अभियंताच सांगेल, कंत्राटदार नाही.

चिमणीची अडचण वेगळी. आत जागा कमी. चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ओलांडतील एवढा जिना बसत नाही, आणि एकच अरुंद वाट असलेल्या जागी अग्निशमन दल लोकांना सोडणार नाही. विटांच्या चिमणीला आतून अग्निविटांचं अस्तर असतं, त्यावर वर्षानुवर्षांची आम्लारी काजळी. ती काढायची, तिची चाचणी करायची आणि घातक निघाली तर नियमाप्रमाणे तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात पाठवायची. वाहतूक वेगळी, विल्हेवाटीचा दर वजनावर. वाऱ्याचं गणितही नव्याने मांडावं लागतं. मुंबई परिसरासाठी मानकातला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. चिमणीला बाहेरून जिना किंवा गॅलरी चिकटवली की वारा अडवणारं क्षेत्रफळ वाढतं.

चिमणी वाचवायचीच असेल, तर ती आहे तशी मजबूत करून ठेवा आणि शेजारी स्वतंत्र पोलादी जिन्याचा मनोरा उभारा. चिमणीवर माणसांचा एक किलोही भार नाही. नवं बांधकाम नव्या गणितावर, परवानगीही सोपी. जर्मनीत ड्यूसबुर्गला १९८५ मध्ये बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची एक झोतभट्टी लोकांना चढायला खुली आहे, तीही विनामूल्य. पण भट्टी मुळातच जिने, फलाट आणि कठडे असलेलं बांधकाम असते. चिमणी तशी नसते. त्या छायाचित्रांवरून तुमच्या जागेचा अंदाज बांधू नका.

परवानग्या, आणि त्यांना लागणारा वेळ

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. अर्ज तुम्ही स्वतः करत नाही. परवानाधारक आर्किटेक्ट ऑनलाइन करतो. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, संरचना अभियंत्याचा अहवाल, कामगार आयुक्तांचं पत्र, अग्निशमनचं तात्पुरतं ना हरकत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी गृहीत धरण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. एक त्रुटीपत्र आलं की पुन्हा मोजणी सुरू, आणि गृहीत परवानगीवर तुम्हाला ना विमा मिळेल ना देणगी. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, दरवर्षी वाढवून आणखी तीन वर्षं. नूतनीकरणाचं शुल्क आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

विकास आराखड्यात त्या जागेवर वेगळं आरक्षण असेल तर कलम ३७ खाली फेरबदल लागतो. हरकती-सूचना मागवायच्या, मग प्रस्ताव शासनाकडे. इथे वेळ महिन्यांत मोजू नका. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरचं वस्त्रोद्योग संग्रहालय मुंबई महापालिका स्वतः करत असूनही वर्षानुवर्षं रेंगाळलं.

जागा पाहून आणखी कागद वाढतात. खाडी किंवा भरतीचं पाणी जिथवर येतं त्या नदीकाठी किनारा नियमन क्षेत्र. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाहीच, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. उंची वाढवत असाल तर विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत, वर लाल दिवा असेलच तर त्याची देखभाल. लिफ्ट लावायची तर ती बसवायची परवानगी आणि चालवायचा परवाना हे दोन वेगळे कागद विद्युत निरीक्षण खात्याकडून. वीजजोडणीला कळवा, मुंब्रा, शीळ भागात टोरेंटकडे जा, बाकी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत महावितरणकडे.

दरपत्रकात न दिसणारे पैसे

कंत्राटदार एक कोटी म्हणाला तर तुमचा खर्च एक कोटी नसतो. त्यावर १८ लाख जीएसटी. बांधकाम कामगार कल्याण उपकर एक टक्का, म्हणजे लाखभर. आर्किटेक्ट, संरचना अभियंता, प्रूफ तपासणी, प्रत्येकाची फी आणि तिच्यावर पुन्हा १८ टक्के. जुन्या बांधकामात प्लास्टर काढल्यावर आतलं नुकसान दिसतं, म्हणून "अतिरिक्त बाब" हा शब्द करारात शोधा आणि तिला मर्यादा घाला. मी एकूण रकमेच्या एक चतुर्थांश राखीव ठेवायला सांगते. नव्या इमारतीला हे जास्त वाटेल, गंजलेल्या टाकीला नाही.

मुद्रांकाच्या नावाखाली होणारी लूट ओळखा. ऑक्टोबर २०२४ पासून करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे खरं. पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, साधा कागद चालतो. दहा प्रतिज्ञापत्रांचे पाच हजार मागणाऱ्याला शासनाचा आदेश दाखवायला सांगा. "लायझनिंग"चा एकरकमी आकडा कधीच मान्य करू नका. सरकारी शुल्क चलनाने भरायचं, पावती तुमच्या नावावर.

दोन प्रस्ताव तुमच्याकडे फुकट म्हणून येतील. पहिला: "आवारातलं भंगार आम्हाला द्या, मनोऱ्याची दुरुस्ती आमच्याकडून." भंगाराची किंमत स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याकडून काढल्याशिवाय होकार देऊ नका, आणि त्या भंगारावर बँकेचा किंवा कामगारांचा हक्क असू शकतो. दुसरा: "जाहिरात फलक लावू द्या, सगळा खर्च आमचा." मे २०२४ मध्ये घाटकोपरला पडलेल्या फलकाखाली १७ माणसं गेली. जुन्या टाकीवर फलक म्हणजे वाऱ्यात ताणलेलं शीड. मोबाइलचे अँटेना लावतानाही संरचना अभियंत्याची लेखी संमती घ्या.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळू शकतो. वारसा जतन त्यात बसतं. कंपन्या उद्घाटनापर्यंतचा खर्च आनंदाने देतात. तुम्ही मात्र करारातच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम मागा, वेगळ्या खात्यात, आधी.

दार उघडल्यानंतर

मलबार हिलच्या निसर्ग उन्नत मार्गाचं तिकीट मार्च २०२५ मध्ये भारतीयांसाठी २५ रुपये ठेवलं गेलं. तोच दर धरा. रोज सरासरी २०० माणसं आली तर दिवसाला पाच हजार, महिन्याला दीड लाख. आता खर्च मांडा. दोन पाळ्यांत वर, खाली आणि तिकीट खिडकीवर मिळून सहा माणसं, प्रत्येकी १८ हजार धरले तरी १ लाख ८ हजार. उरलेल्या ४२ हजारांत वीज, लिफ्टचा देखभाल करार, सफाई, विमा आणि रंगकामाची पुंजी. पावसाळ्यात माणसं निम्मी होतील, पगार तेवढेच राहतील. तिकिटावर कर कसा बसतो ते सीएकडून लेखी घ्या. म्हणजे लिफ्ट असलेला मनोरा तिकिटावर जेमतेम तगतो. महापालिकेने वार्षिक तरतूद करून ठराव केल्याशिवाय तो ताब्यात घेऊ नका.

म्हणून लिफ्ट टाळायची का? नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागा सगळ्यांना पोचता येईल अशी हवी, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांना खालीच बसवणारा मनोरा सार्वजनिक म्हणता येणार नाही. लिफ्टचे पैसे नसतील तर उंची कमी करा, पहिल्या टप्प्यावर उताराचा रस्ता असलेला फलाट करा, पण त्यांना वगळू नका.

लोखंडाला आपल्याकडची खारी, दमट हवा लागते. जर्मनीतल्याच ओबरहाउझेनचा ११७ मीटर उंच गॅसोमीटर, म्हणजे वायू साठवायची जुनी टाकी, १९९४ पासून लोकांना खुला आहे, तोही गंजरोधक कामासाठी २०१९ ते २०२१ बंद ठेवावा लागला. तुम्ही दर पाच वर्षांनी पूर्ण रंग आणि पुन्हा चाचण्या, असं आजच लिहून ठेवा.

सार्वजनिक दायित्व विमा उद्घाटनाच्या आदल्या दिवसापासून चालू हवा. पॉलिसीत कमाल माणसांचा आकडा असतो, तोच फाटकावर मोठ्या अक्षरांत लावा. वीजरोधकाची अर्थिंग तपासणी मेअखेर, पावसाआधी. वारा किंवा विजा असतील तेव्हा मनोरा बंद ठेवण्याचा अधिकार फाटकावरच्या माणसाला लेखी द्या, त्याने त्यासाठी कुणाला फोन लावायची गरज पडता कामा नये. आणि अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा नमुना ब वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन विभागात द्यायचा असतो. त्याची पोच घ्यायला विसरू नका.